बंद न करायची गाडी

पप्पांचा बँकेवर विश्वास नाही, डॉक्टरांवर नाही, हवामान खात्यावर तर नाहीच. माझ्यावर आहे, पण सवडीने. पूर्ण, बिनशर्त विश्वास त्यांनी आयुष्यात एकाच गोष्टीवर टाकला, आमच्या डिझेल गाडीवर. मी दुसरीत असताना ती आमच्याकडे आली, तीही आधी कुणीतरी वापरून कंटाळलेली. मी बी.एड. होऊन घरी बसले, तरी ती अजून रस्त्यावर आहे. आमच्या दोघींत टिकाऊ कोण, हे पप्पा पाहुण्यांसमोर बोलून दाखवतात.

"गाडी कधी धोका देत न्हाई," हे आमच्या घरातलं ब्रह्मवाक्य. गाडी बंद पडते, पण धोका देत नाही. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे समजायला मला बरीच वर्षं लागली. मुदखेडच्या रेल्वे फाटकापाशी ती बंद पडली, तेव्हा पप्पा म्हणाले, "फाटक कुठं उघडं हाय?" मुरुडला भर बाजारात बंद पडली, तर म्हणाले, "गॅरेजसमोर पडली की नाही? अक्कल लागते त्याला." एकदा रेणापूरच्या अलीकडे, जिथे गॅरेज नाही, फाटक नाही, माणूस नाही, अशा जागी ती थांबली. पप्पा खाली उतरले, बॉनेटवर हात ठेवून थोडा वेळ उभे राहिले आणि म्हणाले, "दमली असंल."

शिवाय गाडी म्हणजे नेमकं काय, याचीही आमच्याकडे वेगळी व्याख्या आहे. एसी म्हणजे गाडी नव्हे. मागच्या डाव्या दाराची काच म्हणजे गाडी नव्हे. ती आत पडली आहे आणि तिथे मम्मीने जुन्या शालीचा तुकडा अडकवला आहे. सेल्फ, म्हणजे ज्याने गाडी सुरू होते तो, तोही गाडी नव्हे. "इंजिन बघ, इंजिन," पप्पा म्हणतात. "आजवर पाना लागला न्हाई त्याला." इंजिन खरंच उत्तम आहे. एकदा सुरू झालं की ते नांदेडहून थेट मुंबईपर्यंत जाईल. प्रश्न फक्त त्या 'एकदा'चा आहे.

सेल्फ दिवसातून एकदा लागतो. सकाळी, गाडी रात्रभर विसावलेली असताना, पप्पा चावी अर्धी फिरवतात, समोरचा स्प्रिंगसारखा दिवा विझेपर्यंत थांबतात, मग पूर्ण फिरवतात. त्या वेळी घरात कुणी बोलायचं नाही. शेजारचे काकाही दात घासणं थांबवतात. गाडी लागली की दिवस सुरू. त्यानंतर मुक्कामाला पोहोचेपर्यंत तिला बंद करायचं नाही. चहाला थांबलो, चालू. देवाला थांबलो, चालू. लग्नात जेवायला बसलो, तर पप्पा पहिल्या पंगतीत, मी गाडीत. मी उठले की मम्मी गाडीत. बंद करायचीच झाली तर उतारावर. नातेवाइकांच्या घरांची वर्गवारीसुद्धा आमच्याकडे उतारावरचे आणि सपाटीवरचे अशी आहे. सपाटीवरच्यांकडे आमचं जाणं कमी. त्यांना वाटतं आम्ही माजलो.

तिचा आवाजही सांगायला हवा. आत बसून बोलायचं तर ओरडावं लागतं. मी गाडीत बोलत नसे. बाहेरही फारसं नाही, पण गाडीत त्याला निमित्त होतं. इंग्रजी माध्यमाच्या शाळेत सोडायला पप्पा हीच गाडी काढायचे आणि बाकीच्या मुलींना ती दोन गल्ल्या आधीच कळायची. "आली बघ," त्या म्हणायच्या. मी नव्हे, ती.

तर मला लातूरच्या एका शाळेतून बोलावणं आलं. इंग्रजीची शिक्षिका हवी होती. मुलाखत आणि वर्गावर दहा मिनिटं शिकवून दाखवायचं. याआधी नांदेडमध्ये मी दोन ठिकाणी असंच शिकवून आले होते आणि दोन्हीकडून एकच निरोप आला होता. अभ्यास चांगला आहे, आवाज मागच्या बाकापर्यंत जात नाही. तिसऱ्यांदाही तेच झालं असतं, तर मावशीने आणलेलं स्थळ बघायला मी नाही म्हणू शकले नसते. 'आधी नोकरी' एवढं एकच कारण माझ्याकडे शिल्लक होतं.

"मी एसटीने जाते," मी म्हणाले. पहाटेची गाडी होती, वेळेत पोहोचवणारी.

पप्पांनी पेपर खाली ठेवला. "कशानं?"

"एसटीने."

"घरची गाडी असताना?" ते मम्मीकडे वळले. "ऐकून राहिली का? घरची गाडी असताना ही एसटीनं जाणार. लोकं काय म्हणतील?"

"लोकं म्हणतील पोहोचली," मम्मी म्हणाली.

पप्पांनी ते ऐकलं नाही. वर्षानुवर्षं ती गाडी चालवून त्यांना न ऐकण्याची चांगली सवय झाली आहे.

सकाळी गाडी एका झटक्यात लागली. पप्पांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की मीच माफी मागायला हवी होती. लोहा मागे पडलं. मोठा रस्ता, दोन्ही बाजूंना सोयाबीन, मागे मम्मी शाल धरून, आणि मी ओठातल्या ओठात धडा घोकत. सगळं इतकं सुरळीत चाललं होतं की मला काळजी वाटायला लागली.

अहमदपूरला मावशी राहते. नांदेडहून लातूरला जाताना मावशीकडे चहा न घेता पुढे गेलं, तर त्याची चर्चा पुढच्या तीन लग्नांत होते. म्हणून "उभ्या उभ्या" जायचं ठरलं. तिचं घर सपाटीवरचं. पप्पांनी दारासमोर गाडी चालू ठेवली, हँडब्रेक ओढला, चाकामागे दगड लावला आणि आत आले.

मावशीने पोहे टाकलेलेच होते. उभ्या उभ्याचं बसून झालं. मावशी मला न्याहाळत म्हणाली, "अक्का, ही काही बोलतच न्हाई की गं. शिकवणार कशी? तो मुलगा बघा म्हणते मी. त्यांच्याकडं बोलायचं काम न्हाई, तिकडं सासूच बोलते सगळं."

मी पोह्यांतला शेंगदाणा शोधत राहिले.

तेवढ्यात मावसाजी बाहेरून आले. प्रेमळ माणूस. पाहुण्याची गाडी दारात चालू दिसणं म्हणजे पाहुणा निघायच्या घाईत आहे, आपल्या घरी त्याचं मन लागत नाही, असं त्यांना वाटलं. त्यांनी ते वाटणं तिथेच मिटवून टाकलं होतं. हातातली चावी त्यांनी पप्पांच्या चहाच्या बशीशेजारी ठेवली. "पाव्हणे, गाडी चालूच इसरून आलात. बंद करून आलो. आता आरामात बसा."

पप्पांच्या हातातला कप वाटेत थांबला. बाहेर एवढी शांतता मी त्या गाडीच्या सोबतीने कधीच अनुभवली नव्हती. दूर कुठेतरी कोंबडा आरवला, तोही ऐकू आला.

"बंद केली?" पप्पा म्हणाले.

"हाव. डिझेल काय फुकट येते का?"

मम्मीने पदर खोचला. तिला पुढचं सगळं माहीत होतं.

सेल्फ मारला तर आतून फक्त खोकल्यासारखा एक आवाज आला. मावसाजी, मम्मी, मावशी, शेजारचे दोघं आणि रस्त्याने चाललेला एक दूधवाला, असा धक्का द्यायचा कार्यक्रम सुरू झाला. मी उतरायला लागले तर मम्मी ओरडली, "तू बस! साडी चुरगळंल!" म्हणून मी मागच्या सीटवर, इस्त्रीच्या साडीत, हातात फाईल धरून बसून राहिले आणि सगळं खानदान मला ढकलत होतं. वरातीत नवरी बसते तशी. मावशीला तीच शोभा दिसली असावी, कारण ती धापा टाकत टाकत खिडकीतून म्हणाली, "मुलगा दिसायला बी बरा हाय गं!"

कोपऱ्यापर्यंत जाऊन गाडी लागली. काळा धूर निघाला, मावसाजी त्यात नाहीसे झाले. पप्पा खिडकीतून ओरडले, "बघा! गाडी धोका देत न्हाई!"

आम्हाला उशीर झाला होता. चाकूर गेलं, आष्टा मोड गेला. मी घड्याळ बघायचं सोडून दिलं. घोकलेला धडा अहमदपूरच्या धुरात कुठेतरी राहिला होता.

लातूरची ती शाळा सपाटीवर होती. सपाटीवर म्हणजे कशी, मैदानावर गोटी ठेवली तर ती विचार करत जागीच बसेल. पप्पांनी सगळीकडे उताराचा शोध घेतला आणि शेवटी एका कडुलिंबाच्या सावलीत गाडी उभी केली. चालू. सावलीच्या वर पहिल्या मजल्याची खिडकी होती. ती आठवीच्या वर्गाची निघाली. माझ्या वर्गाची.

मुख्याध्यापक सर माझ्या आधीच्या बाईंना निरोप देत होते. त्या बाईंचा आवाज व्हरांड्याच्या टोकाला ऐकू येत होता. सरांनी माझ्याकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं, आणि फक्त "या" म्हणाले. ते आणि आणखी एक बाई वर्गात मागे, शेवटच्या बाकावर जाऊन बसले. आवाज कुठपर्यंत जातो हे मोजायला त्याहून चांगली जागा नाही.

मी फळ्याकडे वळून 'सिन्स' आणि 'फॉर'चं वाक्य लिहिलं, पुन्हा वळले आणि बोलायला लागले. मला माझाच शब्द ऐकू आला नाही. खालून गाडी धडधडत होती. खिडकीच्या काचा थरथरत होत्या, फळ्याखालच्या पट्टीवरचा खडू आपोआप पुढे सरकत होता.

"मॅडम, ऐकू येऊन नाही राहिलं," दुसऱ्या बाकावरची मुलगी म्हणाली. दुसऱ्या. मागच्या बाकाचा प्रश्नच मिटला.

सर उठून खिडकीशी गेले. "कुणाची आहे ती गाडी? बंद करायला सांगा कुणीतरी."

शिपाई निघाला. आता माझ्यासमोर दोन रस्ते होते. गाडी आमची आहे, बंद केली तर ती परत लागणार नाही, असं सरांना समजावून सांगायचं; एवढं बोलणं मी अख्ख्या महिन्यात बोलत नाही. किंवा शिपाई खाली पोहोचेपर्यंत गप्प उभं राहायचं, जे मला उत्तम जमतं. मागच्या बाकावरच्या बाई पेन टेकवून काहीतरी लिहीत होत्या. ते मी न वाचताही सांगू शकत होते. दोनदा ऐकलेलं होतं.

मग कसं कोण जाणे, मी ओरडायला लागले. रागच आला होता. गाडीचा, पोह्यांचा, त्या सासूचा जी सगळं बोलते. म्हैस सकाळपासून चिखलात बसलेली आहे, हे मी इंग्रजीत ओरडून सांगितलं. मुलांनी ओरडून परत म्हटलं. मग तीच म्हैस दोन तास बसलेली आहे, हे सांगितलं. वर्ग जागा झाला. गाडी खालून धडधडत होती आणि मी वरून, आणि आमच्यात पहिल्यांदाच बरोबरीचा सामना लागला होता.

"म्हैस अजून उठलेली नाही!" असं मी पूर्ण ताकदीने म्हणत असतानाच खाली गाडी बंद झाली.

तेवढ्या शांततेत ती इंग्रजी म्हैस शेजारच्या वर्गांत, ऑफिसात, बहुतेक रस्त्यापर्यंत गेली. मुलं हसली. मागच्या बाईही हसल्या. माझा चेहरा तापला. एरवी मी तिथेच थांबले असते. पण खाली काय झालं ते मला कळलं होतं. शिपायाने सांगितलं म्हणून पप्पा गाडी बंद करणारे नव्हेत. एकदा एका पोलिसालाही त्यांनी दाद दिली नव्हती. सपाटीवर, परगावी, घरापासून एवढ्या लांब, त्यांनी स्वतःच्या हाताने चावी फिरवली होती. मी खिडकीतून पाहिलं. ते गाडीबाहेर उभे होते, मान वर करून. ऐकत होते.

मग मी आवाज कमी केला नाही. उरलेला तास, म्हणजे उरलेली मिनिटं, मी तशीच शिकवत राहिले.

"कळवतो आम्ही," नंतर सर म्हणाले. हे वाक्य माझ्या ओळखीचं होतं.

मी खाली आले तेव्हा पप्पा बॉनेट पुसत होते.

"बंद का केली?" मी विचारलं.

"डिझेल उगाच जळून राहिलं होतं," ते माझ्याकडे न बघता म्हणाले. एवढ्या वर्षांत हे त्यांच्या पहिल्यांदाच लक्षात आलं होतं.

सेल्फ अर्थातच लागला नाही. मम्मीने पदर खोचला. शिपाई आला, दोन शिक्षक आले, आणि शाळा सुटायच्या आत आवार मोकळं व्हावं म्हणून मुख्याध्यापक सरही बाह्या सरसावून आले. या वेळी मी साडीची पर्वा न करता उतरले. सर माझ्या शेजारी, डिकीला हात लावून.

"वडील?" त्यांनी विचारलं.

"हो."

"जुनी दिसते गाडी."

"कधी धोका देत नाही," मी म्हणाले. जोराने ढकलताना माणूस काहीही बोलतो.

फाटकाच्या जवळ गेल्यावर सर धापा टाकत म्हणाले, "सोमवारपासून याल का? पण बाई, एसटीनं या."

नेमकी तेव्हाच गाडी लागली. धुरात मला सर दिसेनात. मी "येते" म्हणाले ते त्यांना ऐकू गेलं नसावं, म्हणून परत म्हणाले. मोठ्याने.