दहापैकी दहा चुका

दुसरीच्या बाईंना बरोबर उत्तरांत फारसा रस नव्हता. बरोबर उत्तर सगळ्यांचं सारखंच. त्यात बघायचं काय? चुकलेलं गणित मात्र त्या चष्मा पुसून बघत. 'पंचवीस' सांगितल्यावर कुणी ५२ लिहिले की बाई खूश. "पाच आधी ऐकू आले, म्हणून आधी लिहिले. पोरीनं ऐकलं तरी नीट!" घरी जेवताना नवऱ्याच्या पानात त्या रोज अशी एखादी चूक वाढत. तो म्हणे, "अगं, कधीतरी बरोबर आलेलंही सांग. पचायला हलकं पडेल."

हेडसरांचं शास्त्र सुटसुटीत होतं. चुका दोनच प्रकारच्या: निष्काळजीपणाच्या आणि अति निष्काळजीपणाच्या. दुसऱ्या प्रकारावर इलाजही एकच, त्याच वर्गात आणखी एक वर्ष. जे वर्षभर ऐकून कळलं नाही, ते पुन्हा वर्षभर ऐकवलं की कळतं, अशी त्यांची श्रद्धा होती.

यंदा हा इलाज शिवणकाम करणाऱ्या एका आईच्या थोरल्या मुलीवर व्हायचा होता. तिची हातच्याची प्रत्येक वजाबाकी चुकत होती. त्यात धाकटी बहीण पहिली पास होऊन दुसरीतच येणार. थोरलीनं आईला बजावलं होतं, "मला तिच्या शेजारी बसवलं तर मी शाळेत जाणार नाही. आत्ताच ती मला ताई म्हणायची बंद झालीये."

निकालाच्या आदल्या दिवशी बाई हेडसरांच्या खोलीत जाऊन बसल्या.

"सर, तुम्ही हातच्याच्या दहा वजाबाक्या घाला. तुमच्या मनाच्या. ती पोरगी काय उत्तरं लिहील ते मी आधीच लिहून देते."

"चुकीची उत्तरं आधी कशी कळतील? तुम्ही काय ज्योतिष बघता?"

पण सरांनी गणितं घातली. बाईंनी झरझर उत्तरं लिहून कागदाची घडी सरांच्या हातात दिली. मग थोरलीला बोलावलं. ती जीभ बाहेर काढून गणितं सोडवत राहिली. बावन्नातून अडतीस गेले, सव्वीस. एकाहत्तरातून शेहेचाळीस, पस्तीस. सरांनी घडी उलगडली. दहाच्या दहा चुका जुळल्या.

सरांचा चेहरा कडक झाला. "बाई, ही सरळसरळ कॉपी आहे."

"कुणी कुणाची केली, सर? आणि चुकीची उत्तरं चोरतं कोण?"

सरांनी मोर्चा मुलीकडे वळवला. "काय गं, दोनातून आठ गेले तर सहा?"

"नाही सर, आठातून दोन. लहानातून मोठा जात नाही ना! मोठ्यातूनच लहान काढायचा."

"हे कुणी शिकवलं तुला?"

"तुम्हीच. बाई रजेवर होत्या तेव्हा. दोनदा म्हणवूनसुद्धा घेतलंत."

बाई खिडकीबाहेर बघत होत्या. हसू आवरायला खिडकीसारखी जागा नाही.

सरांनी घसा साफ केला. "ते मी... थोडक्यात सांगितलं होतं. मोजायच्या काड्या आणा त्या."

काड्यांचे दहादहाचे गठ्ठे आले. सर चक्क जमिनीवर बसले. तिच्यासमोर चार गठ्ठे ठेवून म्हणाले, "हे चाळीस. मला सतरा दे."

थोरलीनं गठ्ठ्यांकडे पाहिलं, सरांकडे पाहिलं. "सुट्या काड्या नाहीत सर."

"मग?"

"एक गठ्ठा सोडू? रागावणार नाही ना?"

"सोड."

तिनं रबर काढलं, सात काड्या आणि एक अख्खा गठ्ठा सरांपुढे सरकवला आणि उरलेलं मोजलं. "तेवीस!" मग स्वतःच दचकली. "अय्या, म्हणजे मी इतके दिवस तुम्हाला द्यायच्या काड्यांतूनच माझ्या काड्या वजा करत होते!"

तिनं मघाच्या दहा वजाबाक्याही तशाच केल्या. एक चुकली; ती तिनं पुन्हा मोजून स्वतःच पकडली. सरांनी उठून निकालपत्रावर सही केली: तिसरीत.

बाई म्हणाल्या, "जा आता. काड्या बांधून ठेव."

"राहू देत ना बाई," थोरली दाराकडे पळता पळता म्हणाली, "सरांना लागतील."