टेबल केलं म्हणजे काय केलं?

आमच्या गडब गावच्या शाळेत एकच टेबल होतं आणि ते बाईंचं होतं. तो शब्द इंग्रजी आहे असं कधी वाटलंच नाही. पुस्तकात कुठेतरी 'मेज' असायचं, पण मेज म्हणणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही. पुढे पेणला कॉलेज करताना मी रामवाडीत इंग्रजी शाळेतल्या एका मुलीची शिकवणी घ्यायचे. तिच्या आईने पहिल्याच दिवशी सांगितलं, हिची टेबल्स फार कच्ची आहेत, तेवढी पक्की करून घ्या. मी समोरच्या टेबलाचा पाय हलवून बघितला. त्या घरात पाढ्यांना टेबल्स म्हणतात, हे नंतर कळलं. मुलगी हसली, आई हसली, मीही हसले. बाहेर पडल्यावर मात्र मला माझ्याच हसण्याचा राग आला.

बी.एस्सी. झाल्यावर रोह्याच्या एका औषध कंपनीत पॅकिंगला लागले. सकाळी कंपनीची बस हायवेवर गडबला थांबायची. काम काही कठीण नव्हतं. बाटलीवर लेबल सरळ बसलंय ना बघायचं, बाटली खोक्यात घालायची, खोकं पुढे सरकवायचं. कठीण होतं ते उभं राहणं. जेवणाची सुट्टी सोडली तर सगळी शिफ्ट उभ्यानेच. माझ्या शेजारी वरसे गावच्या एक काकी होत्या. सुटायच्या वेळेपर्यंत त्यांचे पाय सुजून चपलेचे पट्टे आत रुतलेले असायचे. मी काही बोलले की म्हणायच्या, वय झालं माझं.

दर महिन्याला साहेब लोक आणि कामगारांचे प्रतिनिधी यांची मीटिंग व्हायची. पॅकिंगच्या बायकांनी मला पाठवलं, कारण मला इंग्रजी येतं असा त्यांचा समज होता. मीही तो मोडला नाही. मीटिंगमध्ये मी एवढंच मागितलं, की प्रत्येकीला बसायला एक स्टूल द्या. एचआरचे साहेब पुण्याकडचे, बोलायला गोड. त्यांनी मान डोलावली आणि म्हणाले, "गुड पॉईंट. हा आपण टेबल करू."

म्हणजे काय करू, हे तिथे विचारायचं मला सुचलं नाही. घरी येऊन मोबाईलमधल्या डिक्शनरीत बघितलं. टेबल हे क्रियापदही असतं, आणि त्याचा अर्थ दिला होता, ठराव किंवा सूचना चर्चेसाठी मांडणे. मला केवढा आनंद झाला. दुसऱ्या दिवशी कँटीनमध्ये मी सगळ्यांना सांगितलं, आपला मुद्दा टेबल झालाय. काकी भाकरी मोडता मोडता थांबल्या.

"टेबल कशाला गो? आपण तर स्टुलं मागितलेली."

सगळ्या हसल्या. मग मी त्यांना टेबल करण्याचा अर्थ समजावून सांगितला, अगदी शिकवणीत सांगावा तसा.

पुढच्या मीटिंगला बसच्या वेळांवर बोलून झालं, सेफ्टी शूज झाले, चहा आला, माणसं उठायला लागली. स्टुलांचं नावही निघालं नाही. मी विचारलं तेव्हा साहेब हसले. म्हणाले, "अहो, तो आपण टेबल केला होता ना. टेबल करणं म्हणजे तूर्त बाजूला ठेवणं. इंग्रजी जरा वाचत जा." बॉयलरवरचे पेणचे एक दादा समोर बसले होते, त्यांना चहा पिताना हसू आवरेना. डिक्शनरीत वेगळं दिलंय, असं मी म्हणून बघितलं. त्यावर साहेब म्हणाले, आपलं हेड ऑफिस अमेरिकेत आहे, तिकडे असंच म्हणतात.

परतताना बसमध्ये मी पुन्हा शोधलं. पहिल्या वेळी मी पान खालपर्यंत वाचलंच नव्हतं. खाली खरंच लिहिलं होतं, अमेरिकेत हाच शब्द विषय लांबणीवर टाकण्यासाठी वापरतात. एकच शब्द, इंग्लंडात पुढे मांडायचं आणि अमेरिकेत मागे सारायचं. साहेब खोटं बोलले नव्हते. खोटं बोलले असते तर मला इतका संताप आला नसता. हा शब्द हाताशी असला की त्यांना कधीच तोंडाने नाही म्हणावं लागणार नव्हतं. आणि ज्याला नाही म्हणायचं नसतं, त्याच्याशी भांडता येत नाही.

दुसऱ्या दिवशी पॅकिंगला काकी म्हणाल्या, "सोड आता. तुझं काँट्रॅक्ट हाय, माझं पण हाय. उभं राहायची सवय हाय आपल्याला."

"मला नाय करून घ्यायची ती सवय," मी म्हटलं.

त्यानंतरच्या मीटिंगला मी खुर्चीत बसलेच नाही. साहेबांनी बसा म्हटलं. मी म्हटलं, "नको. पॅकिंगमध्ये उभी असते, इथेही उभी राहते. आणि आज इंग्रजी नको. स्टुलं देणार की नाही, ते मराठीत सांगा."

साहेबांनी ही शिस्त नव्हे असं सुनावलं आणि पुढचे विषय घेतले. मी तशीच उभी. पण एक माणूस उभा असताना बाकीच्यांना नीट बोलता येत नाही, सगळ्यांची नजर पुन्हा पुन्हा तिकडे जाते. थोड्या वेळाने खुर्ची सरकल्याचा आवाज आला. बॉयलरवरचे ते दादाही उभे राहिले. इतका वेळ मोबाईलमध्ये बघत असलेल्या फॅक्टरी मॅनेजरनी तेव्हा मान वर केली आणि काय भानगड आहे ते विचारलं. बसून काम केलं की स्पीड कमी होतो, असं एचआरच्या साहेबांनी सांगितलं. कोणी करून बघितलंय का, असं मॅनेजरनी विचारलं. कोणीच बघितलं नव्हतं. मग ते म्हणाले, एका लाईनवर करून बघा.

स्टुलं आली ती प्लास्टिकची, बुटकी. वर बसलं की पॅकिंगचा कट्टा हनुवटीला लागायचा. बायका हसून हसून बेजार झाल्या. मी त्यातलं एक उचललं, मॅनेजरच्या केबिनमध्ये नेलं आणि त्यांच्या टेबलासमोर ठेवून त्यावर बसले. त्यांना माझं डोकंच तेवढं दिसत असणार. पुढे उंच, पाठ असलेली लोखंडी स्टुलं आली. स्पीड कमी झाला नाही, तेव्हा ती सगळ्या लाईनींवर लागली.

मला मीटिंगमधून काढलं आणि स्टोअरला टाकलं. एचआरच्या साहेबांनी बोलावून सांगितलं, मीटिंगमधल्या वागण्याबद्दल माफी लिहून द्या. माझं काय चुकलं, असं मी विचारलं. ते म्हणाले, ॲटिट्यूड. मी माफी लिहिणार नाही म्हटलं, तेव्हा त्यांनी शांतपणे आठवण करून दिली, की काँट्रॅक्ट रिन्यू व्हायची वेळ येतेय.

"येऊ दे," मी म्हटलं.

ती वेळ अजून यायची आहे. काकींची सूज पूर्ण उतरलेली नाही, पण आता सुटल्यावर त्या नीट चालत वरसेला जातात. गेटवर भेटल्या की अजूनही बजावतात, जरा जपून बोलत जा. त्यांना वाईट वाटू नये म्हणून मी मान डोलावते.