मामीचा सेज आणि मामाचा तांब्या

पाण्याच्या बाबतीत माझ्या मामाइतका सढळ हाताचा माणूस अख्ख्या वसईत दुसरा झाला नसेल. बाकी सगळ्या बाबतीत तो पक्का चिकट. चपलेचा अंगठा पुन्हा पुन्हा शिवून घेईल, पेपर शेजाऱ्याचा वाचून झाला की मग मागून आणेल. पण पाणी म्हटलं की त्याच्या अंगात राजा संचारतो. जन्म केळीच्या आणि पानवेलींच्या वाडीत गेलेला. केळीच्या बुडाशी चिखल दिसल्याशिवाय त्याला जेवण गोड लागत नसे. पाहुणा ओट्यावर टेकायच्या आत त्याच्या हातात तांब्या, आणि तो रिकामा व्हायच्या आत दुसरा तयार. एकदा आमच्या नायगावच्या फ्लॅटवर राहायला आला, तर गॅलरीतल्या प्लास्टिकच्या झाडांना रोज सकाळी नेमाने पाणी घालत राहिला. खालच्या मजल्यावरच्या बाईंचे वाळत घातलेले पापड भिजले, तेव्हा त्या भांडायला वर आल्या. मामा गंभीरपणे म्हणाला, "मी म्हटलं एवढी हिरवी हायत, कोनीतरी पानी घालतच असेल. म्हनून मी आपलं थोडंच घातलं."

असल्या माणसाच्या घरात मामीने सेज लावला, जेमतेम पाण्यावर जगणारं झुडूप, हीच मुळात गंमत. आमच्या चर्चमधली मंडळी मामीसकट जेरुसलेमला, पवित्र भूमीच्या यात्रेला गेली होती. बाकीच्यांनी येताना रोझरीच्या माळा आणल्या, यार्देन नदीच्या पाण्याच्या बाटल्या आणल्या. मामीने ओल्या रुमालात गुंडाळून चार काड्या आणल्या. तिथल्या हॉटेलात चहात कसलासा पाला घातलेला तिला भारी आवडला, म्हणून खुणा करून करून तिने आचाऱ्याकडून परसातल्या झुडपाच्या फांद्या मिळवल्या होत्या. त्यातली एक जगली. याला सेज म्हणतात, हे माझ्या मामेबहिणीने मोबाईलवर शोधून सांगितलं, पण गावात त्याचं नाव पडलं ते जेरुसलेमचा पाला. एक म्हातारी तर चर्चमध्ये मिस्साला जाता-येता त्या कुंडीला हात लावून क्रूसाची खूण करायची. लांबट, राखाडी-हिरवी पानं, मांजराच्या कानासारखी लवदार. चुरगळली की कापूर आणि ओवा एकत्र कुटल्यासारखा वास.

या झाडाला आपली दमट हवा सोसत नाही. मामीने कुंडीत कौलांचे तुकडे आणि रेती भरली होती, एरवी ओट्यावर असलेली ती कुंडी पावसाळ्यात स्वयंपाकघरातल्या खिडकीशी यायची, आणि मातीत बोट खुपसून आत कोरडं लागलं तरच अर्धा कप पाणी मिळायचं. "तुमचा तांब्या लांब ठेवा," ती मामाला बजावायची. "ह्याला कोरडं राहायला आवडतं."

"कोरडं राहायला कोनाला आवडतं?" मामा पुटपुटायचा, आणि तांब्या शेजारच्या मोगऱ्यावर रिकामा करायचा.

मामीच्या हाताला मात्र त्या पाल्याचं सगळं उमगलं होतं. घसा बसलेली चर्चच्या गायकवृंदातली पोरं तिच्याकडे सेजचा चहा प्यायला यायची. उकडलेल्या बटाट्यांवर ती लोण्यात कुरकुरीत केलेली पानं टाकायची, नाताळात डुकराच्या मटणात घालायची, आणि वाळलेल्या काड्यांची जुडी लुगड्यांच्या कपाटात ठेवायची. मामालाही चेव आला. त्याने एकदा ओल्या बोंबलांच्या कालवणात मूठभर पानं घातली. घरभर बामची बाटली फुटल्यासारखा वास सुटला. कोणी घास घेईना, तेव्हा "औषधी लागतंय" म्हणत त्याने एकट्याने सगळं संपवलं.

मग मामीच्या किडन्या गेल्या. डॉक्टरांनी पाणी तोडलं. दिवसभरात अगदी मोजकं द्यायचं, त्यावर थेंब नाही. मामी तहानेने तळमळायची. "एक घोट द्या ना," म्हणायची. आणि ज्याने प्लास्टिकच्या झाडांनाही पाणी नाकारलं नव्हतं, तो मामा ओला कापूस तिच्या ओठांवरून फिरवायचा आणि तोंड फिरवून वाडीत निघून जायचा. ईस्टरआधीच्या उपवासकाळात मामी गेली. जाण्याआधी तिने त्याला एकच सांगितलं होतं, "तेवढं माझं झाड जगवा. पानी घालून मारू नका."

मामाने ते झाड खरोखर जगवलं. मातीत बोट खुपसायला शिकला. पावसाळ्यात कुंडी आत आणली, तिला पंख्याचा वारा दिला. सवयीने तांब्या घेऊन कुंडीपाशी जायचा, थबकायचा आणि ते पाणी स्वतःच पिऊन टाकायचा. नाताळातलं मटण त्याने स्वतः शिजवलं, मामीची पानं घालून. त्या दिवशी आम्ही सगळेच थोडे हसलो, थोडे रडलो.

तिच्या वर्षाच्या मिस्सानंतर पाहुणे पांगले. ऊन कडक होतं. ओट्यावरच्या कुंडीत पानं माना टाकून लोंबत होती. मी मातीत बोट घालून पाहिलं. "मामा, आत ओल आहे. उन्हाने मलूल झालंय, सावलीत ठेव. संध्याकाळी उभं राहील."

"ओल हाय, ठाव हाय मला," मामा म्हणाला. त्याच्या हातात तांब्या होता.

"मग?"

"मागतंय बघ ते." तो कुंडीकडे वळला. "तवा मी डॉक्टरचं ऐकलं. वाचली का ती? गेलीच ना? तहानलेली गेली."

त्याने तांब्या कुंडीत ओतला. आत जाऊन दुसरा भरून आणला, तोही ओतला. मग रोजच घालत राहिला. मी त्याला अडवलं नाही. तसं करायची माझी छाती झाली नाही.

काही दिवसांनी गेले, तर मामाने काळं पडलेलं झाड उपटून टाकलं होतं. मुळं कुजून गेली होती. मामीची शेवटची आठवण गेली म्हणून तो खचला असेल, असं वाटून मी समजुतीचे शब्द शोधत होते. तो ओट्यावर बसून सुपारी कातरत होता.

"गेलं," तो म्हणाला. "पन पोटभर पिऊन गेलं."

वर्षभरात पहिल्यांदाच त्याचा चेहरा निवांत दिसत होता. मला मात्र रडू आवरेना.