मोरोपंत वैद्यांचं सागवानी पिंप

अमरावतीचे मोरोपंत वैद्य चाळिशीत विषमज्वरातून उठले, पण कान गेले ते गेलेच; अगदी कानाशी ओरडलं तरच काही पोचे. नाडी बघायला कान लागत नाहीत. बाकीचं ऐकायला पत्नी रमाबाई होत्या. रोगी सांगे, त्या ते पाटीवर लिहून नवऱ्यासमोर धरत. मूलबाळ नव्हतं.

मागच्या खोलीत सागवानी पिंप होतं. दर पौषात त्यात मनुकांचा काढा, गूळ आणि आंबवण्यासाठी धायटीची फुलं घालून द्राक्षासव मुरत ठेवायचं. रमाबाई रोज पिंपाला कान लावत. आतली बुडबुड थांबली की मगच बूच घट्ट बसे.

छप्पन्न सालच्या श्रावणात रमाबाई गेल्या. त्या पौषात पिंप भरलं गेलं नाही. पुढच्या पौषात नांदगाव खंडेश्वरच्या दुर्गाबाई आल्या. त्यांची सून सत्यवती बाळंतपणानंतर अंथरुणातून उठत नव्हती.

"तेच मनुकाचं औषध पाह्यजे, वैद्यबुवा!" फळीवरच्या रिकाम्या बाटल्यांकडे बोट करत त्या ओरडल्या.

मोरोपंतांना कळलं. "महिना लागेल," ते म्हणाले आणि तोवर पुरेल इतकं चूर्ण दिलं.

त्यांनी काढा करून पिंपात ओतला. सकाळी बघतात तो खोलीभर चिकट ओघळ आणि मुंग्या. निम्मा काढा गळून गेला होता. त्यांनी बडनेऱ्याहून बुधाजी सुताराला बोलावलं; पिंप त्यानंच घडवलं होतं. फळ्यांच्या फटींवरून बोट फिरवून त्यानं वैद्यांच्या कानाशी तोंड नेलं.

"कोरडं काहून पडू देलं? लाकूड आकसून गेलं ना! बाई असत्या तं पानी भरून ठेवलं असतं त्याहीनं."

गल्लीत ऐकू गेलं असेल.

"हो," मोरोपंत म्हणाले. "मला सुचलं नाही."

बुधाजीनं लोखंडी पट्ट्या ठोकून घट्ट केल्या. तीन दिवस पाणी भरून ठेवल्यावर फळ्या फुगून सांधे मिटले. मोरोपंतांनी नवा काढा भरला. आता ते रोज पिंपाच्या तोंडाशी पेटती काडी धरत. काडी विझली की आसव अजून आंबतंय, हे वडिलांनी शिकवलेलं. एकदा त्यांनी लाकडाला तळहात लावून पाहिला. बारीकशी थरथर जाणवली. हात त्यांनी बराच वेळ काढला नाही.

सत्ताविसाव्या दिवशी काडी जळत राहिली.

"झालं!" ते स्वयंपाकघराकडे वळून म्हणाले. किती मोठ्यानं, ते त्यांना कळलं नाही. शेजारची शकुन धावत आली आणि हातानंच विचारू लागली, काय झालं?

"काही नाही," मोरोपंत म्हणाले.

दुर्गाबाई दोन बाटल्या घेऊन गेल्या. चैत्रात सत्यवती स्वतः आली, आपल्या पायांनी, कडेवर लेकरू घेऊन. ओसरीवर बसून ती खूप वेळ बोलली. मध्येच हसली, मध्येच पदरानं डोळे पुसले. मोरोपंत तिच्या ओठांकडे बघत मान हलवत होते. त्यांना चार शब्दही कळले नाहीत. निघताना तिनं लेकराला त्यांच्या पायांवर घातलं.

ती दिसेनाशी झाल्यावर ते आत आले. ती काय काय म्हणाली, ते सांगायला घरात कुणी नव्हतं. त्यांनी धुतलेल्या बाटल्या पालथ्या घातल्या आणि उरलेलं आसव गाळायला घेतलं.