आधी गोठा दाखवा

"आधी गोठा दाखवा." जीपमधून उतरल्या उतरल्या माझ्या वरिष्ठ बाईंचं हे पहिलं वाक्य. समोरच्याने अदबीने पुढे केलेली फाइल त्या माझ्याकडे सरकवायच्या आणि पदर खोचून थेट गुरांकडे निघायच्या.

आमचं काम म्हटलं तर सोपं. सरकारी नियमानुसार औष्णिक वीज केंद्रांना कोळशाबरोबर थोडा शेतातला काडीकचराही जाळावा लागतो. यंत्रात दाबून त्याचे तुकडे करतात, त्यांना पेलेट म्हणायचं. निफाडच्या बाजूला ते बऱ्याच ठिकाणी बनतात. ते खरोखर टाकाऊ मालाचेच आहेत ना, झाडं तोडून किंवा गुरांचा चारा पळवून केलेले नाहीत ना, हे आम्ही दोघी तपासायचो. मी कागद तपासायचे, बाई गोठा.

आता तुम्हीच सांगा, विजेचा आणि गोठ्याचा काय संबंध? मीही बाईंना तेच विचारलं होतं. त्या म्हणाल्या, "कागदावर पाचट लिहिता येतं गं. गुरांच्या बरगड्या कशा लपवणार?"

सायखेड्याला एक जोडपं असा छोटा कारखाना चालवायचं. द्राक्षाच्या काड्या, उसाचं पाचट, कागदपत्रं अगदी चोख. मी सही करणार, इतक्यात बाई गोठ्यातून परत आल्या. गव्हाण रिकामी, गाय अगदी खंगलेली, आणि तिच्या वाटणीचा मक्याचा कडबा यंत्राच्या तोंडाशी रचून ठेवलेला. बाईंनी सगळा माल नापास केला. मालकीण रडकुंडीला आली. तिच्या खांद्यावर हात ठेवून बाई एवढंच म्हणाल्या, "आधी गाईचं पोट, मग लोकांचे दिवे."

मला वाटलं, आता या घरात आपल्याला पाणीही मिळायचं नाही. पण पुढच्या खेपेला चहा आला, सोबत गरम भजी आली, आणि मालकीण बाईंना ताई म्हणू लागली. मी या भागात बाईंच्या कितीतरी आधीपासून फिरत होते. लोकांचा माल पास करत होते. तरी मी आपली मॅडमची मॅडमच. माझ्या पोटात दुखायला लागलं ते तेव्हापासून.

खोटं कशाला बोलू? मला त्यांची खुर्ची नको होती. आपलीही कोणीतरी वाट बघावी, एवढंच हवं होतं. नापास करणारीसाठी लोक दारात उभे राहतात आणि पास करणारीला विसरून जातात, हा कुठला न्याय? बरं, बाई कोणाकडून द्राक्षाचा घडसुद्धा घ्यायच्या नाहीत. फक्त खरवसाला नाही म्हणू नये, असं त्यांचं मत होतं.

मग बाईंची विदर्भात बदली झाली. मला सुटल्यासारखं वाटलं आणि मी एकटीच सायखेड्याला गेले. मालकिणीने माझ्यामागे जीपमध्ये वाकून पाहिलं.

"ताई नाय आल्या?"

बदलीचं ऐकून तिचा चेहरा पडला. ती आत गेली आणि स्टीलचा डबा घेऊन आली. त्याच गाईचा खरवस होता. "त्यांच्यासाठी ठिवला व्हता. आता तुमीच खा, मॅडम."

इंदिरानगरला घरी येऊन मी तो खाल्ला. वेलदोडा घातलेला, लुसलुशीत. तरी 'आता तुमीच' हे दोन शब्द काही घशाखाली उतरेनात. बाईंना फोन करून खरवसाचं सांगितलं, तर त्यांनी विचारलं, कालवड झाली की गोऱ्हा? मी वासराकडे पाहिलंच नव्हतं. त्या हसल्या आणि म्हणाल्या, डबा रिकामा परत देऊ नकोस हं.

रविवारी मी रव्याचे लाडू वळले. पाक नीट जमला होता. या वेळी सायखेड्याला उतरले ती आधी गोठ्यात गेले. कालवड होती, गव्हाणीत चारा होता. मालकिणीने तिथेच डबा उघडून लाडू तोंडात टाकला.

"ताईंनी धाडले?"

विचारताना तिचा चेहरा असा काही फुलला होता, की माझ्याच्याने नाही म्हणवेना.

"हो," मी म्हणाले.

"तरीच. ताईंच्या हाताला चवच न्यारी."

बाई समोर होत्या तेव्हाही मला त्यांचा इतका हेवा वाटला नव्हता. कालवड माझ्या ओढणीचं टोक चघळत उभी होती. दोघींतली कोण आली, याच्याशी तिला काही देणंघेणं नव्हतं.