पाइपाचा डॅशबोर्ड

आमच्या आणि नवलभाऊच्या घराची भिंत एकच. जळगावात मेहरूणच्या त्या गल्लीत कुणाकडे काय शिजलं आणि कुणाचं कुणाशी वाजलं, हे विचारायला जावं लागत नाही. नवलभाऊ आणि त्याची बायको कुंदाबाई यांचं ते जुनं भांडण मी मसाला कुटता कुटता ऐकलं. मुसळ जरा हळूच टाकत होते, शब्द हुकायला नको म्हणून.

नवलभाऊची अँबॅसेडर तेव्हा जळगाव ते धुळे भाडं मारायची. त्या दिवशी कुंदाबाई माहेराहून परत यायला पारोळ्याच्या स्टँडवर उभी होती. नवऱ्याची गाडी आली, थांबली. आत मुंगीला जागा नाही. नवलभाऊनं काचेतून बघितलं, म्हणाला, यष्टीनं ये. आणि निघून गेला.

"एकाले उतारी देतात तर गाडी रडती का?" कुंदाबाई विचारत होती.

"भाडं घेतल्यावर माणूस उतारता येत नही, कुंदा."

"आन बायको उतारता येस?"

"तू गाडीमा बसेलच कोठे होती, उताराले?"

मग तांब्या पडल्याचा आवाज आला. पडला की पाडला ते भिंतीतून कळत नाही. मग कुंदाबाई सावकाश म्हणाली, "आते जवय तुमनी गाडीमा कोनी बसनार नही ना, तवय मी बससू."

बाई हट्टाची. कुणीच बसेनासं होईल तेव्हा बसेन म्हणाली, आणि तेव्हापासून पारोळ्याला जायची ती यष्टीनंच.

मी मात्र त्या गाडीत खूपदा बसले. काय सांगू, बसलं की डोळे जड व्हायचे. तो गाडी चालवायचाच अशी, की मांडीवर कुणाचं निजलेलं लेकरू आहे आणि ते उठायला नको. एरंडोल मागं पडलं की दोन्ही बाजूंना कपाशी, वर पांढरं ऊन, आणि गाडीतली सगळी माणसं एकमेकांच्या खांद्यावर माना टाकून गाढ. एवढी झोपलेली माणसं घेऊन हा एकटा जागा, रस्त्याकडे बघत, मधूनच गियर टाकत. मी म्हणायचे, "नवलभाऊ, तू डायवर नाहीस, तू पाळणा हलवणारा आहेस." तो म्हणायचा, "मग अक्का, झोपेचं भाडं वेगळं द्या."

त्या गाडीचा गियर खाली नव्हता. स्टेअरिंगच्या बाजूला, पळीच्या दांड्यासारखा वर. डावा हात उचलून टाकावा लागे. आणि म्हातारपणी नवलभाऊचा नेमका डावा खांदा धरला. केसांवरून कंगवा फिरवता येईना, गियर कुठला टाकणार. भाड्याचा धंदा आधीच बंद झाला होता. आता गाडीही निंबाखाली उभी राहिली. कोंबड्या तिच्याखाली अंडी घालायला लागल्या.

मुलगा दीपक सुरतेला. त्यानं फोनवर सांगितलं, पारोळ्याच्या रस्त्यावर नवा ढाबा होतोय, मालकाला दारात शोभेला जुनी गाडी पाहिजे, आत बल्ब लावणार, लोक फोटो काढणार. अखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, ढाबा उघडतोय. पोरगा वाईट नाही. बाप एका हातानं गाडी काढून कुठं तरी धडकेल, ही त्याची धास्ती. नवलभाऊ म्हणाला, "अखाजीपर्यंत मी चालवून दाखवली तर माझी. नाहीतर ने, बल्ब लाव." तेवढं बोलून त्यानं फोन ठेवला आणि दोन घास कमी जेवला. भिंतीतून तेही कळतं.

दुपारी तो ओट्यावर खाटेत पडलेला असायचा, डोळे मिटून. मी शेवया वळत बसायचे. बघते तर याचा डावा हात खाटेखाली लोंबतोय आणि आपोआप हलतोय. पुढं, मागं, जरा बाजूला, परत पुढं. कुठल्या रस्त्यानं चालला होता कोण जाणे. निंबाची फुलं गळत होती, त्याच्या छातीवर पडत होती, आणि हा एरंडोलच्या पुढं गेलेला.

मध्येच डोळे उघडून म्हणाला, "अक्का, खाली हात चालस. वर नही चालत, खाली चालस."

तिथून सुरू झालं. गाडी ट्रकला बांधून धुळ्याला नेली. तिथला मेकॅनिक हितेंद्र, त्यानं मालेगावच्या भंगारातून नंतरच्या मॉडेलची गियरपेटी आणली. तिचा दांडा खालून, जमिनीतून वर येतो. ती बसली. पण पहिला गियर टाकायला दांडा पुढं ढकलला की मूठ डॅशबोर्डाच्या खालच्या काठावर आपटायची. हितेंद्रनं कटर फिरवून तेवढा काठच कापून टाकला. आता दांडा जाई, पण गाडीचं तोंड कुत्र्यानं फाडल्यासारखं. वायरी लोंबताहेत, पत्र्याला सुरीची धार. पहिल्याच खेपेला नवलभाऊच्या बोटांतून रक्त आलं.

हितेंद्र म्हणाला, "नाना, असा पार्ट कुणी बनवत नाही. डॅशबोर्ड शिवून घ्या कुणाकडून."

पण नवलभाऊ गाडी घेण्याआधी पाइपाच्या कारखान्यात होता. पाइप तापला की ऐकतो, हे त्याला ठाऊक. फक्त माप पाहिजे. कागद त्या धारेवर फाटायचा. मग त्यानं केळीचं पान घेतलं. काठाला काजळी फासली, पान आत दाबलं, काठाची खूण पानावर उठली. जिथं वाकवावं तिथं पान वाकतं. स्वतःवर एकदम खूश. पान गुंडाळून यष्टीत बसला आणि चैत्राच्या उन्हातून जळगावला आला.

शेतात पाणी नेतात तो जाड पाइप त्यानं उभा चिरला. गल्लीतल्या ताईबाईच्या फुटाण्याच्या भट्टीवर गरम वाळूत पुरला. ताईबाई म्हणाली, "उद्या माझे फुटाणे पाइपाचे लागले तर गिऱ्हाईक तुझ्या घरी पाठवते." तो कडक पाइप वाळूतून निघाला तो बिबडीच्या, म्हणजे ज्वारीच्या पापडाच्या, पिठासारखा मऊ, लवलवता. नवलभाऊनं माझी लाकडी काठवट मागून नेली होती. तिच्या पोटात तो मऊ पाइप दाबला, वर ओलं पोतं. निवल्यावर बघितलं तर छान खोलगट वाकलेला, गियरच्या मुठीला पुढं जायला ऐसपैस जागा. पानाच्या खुणेवर कापला आणि धुळ्याला गेला.

संध्याकाळी तो तसाच काखेत घेऊन परत आला. तुकडा बसलाच नाही. चहूबाजूंनी बोटभर कमी. पान वाटेतच सुकलं होतं, आकसलं होतं. सगळा जन्म केळीच्या मुलखात काढून हा माणूस पान सुकतं हे विसरला. अखाजी तोंडावर आली होती. ढाब्याच्या माणसानं गाडी न्यायला कोण येणार तेही कळवलं होतं.

रात्री भिंतीपलीकडं भांडी घासून झाली. मग कुंदाबाई म्हणाली, "दिवस उजाडताना कोणती यष्टी शे?"

"तुले काय करनं?"

"माप घ्यायचं शे. पानावर माप घेतस का कोणी?"

कुंदाबाई गल्लीतल्या सगळ्यांचे ब्लाउज शिवते. ती टेप, खडू आणि जुन्या लुगड्याचा धडपा घेऊन धुळ्याला गेली. त्या गाडीत बसली, सीटवर नाही, खाली, पाय ठेवतात तिथं. हितेंद्रच्या गॅरेजातली माणसं बघत राहिली. नवलभाऊनंच मला नंतर हसत सांगितलं. धडपा त्या फाटक्या तोंडाला लावून तिनं टाचण्या टोचल्या, शिवणीला दोन बोटं माया ठेवली आणि म्हणाली, "हिचा तर गळा फारच मोठा कापेल शे."

"आता कुणी बसत नही गाडीत, म्हणून बसलीस का?" नवलभाऊनं विचारलं.

"मी कोठे बसनू? मी काम करी राहिनू. गप टेप धरा."

दुसरा तुकडा लुगड्याच्या मापानं निघाला. जुनीला पाइपाचा वास लागला, म्हणून भट्टीला नवी वाळू आम्हालाच द्यावी लागली. तुकड्यावर तपकिरी रेक्झिन कुंदाबाईनं ताणून चिकटवलं, कडेला दोरा घातला, दांड्याच्या बुडाशी झालर केली. स्टेअरिंगवर जुन्या गियरची खाच उघडी राहिली होती, ती उरलेल्या तुकड्यानं झाकली. सगळं बसवलं तेव्हा नवलभाऊ तळहात त्यावरून फिरवत बसला. कुठं बोटाला लागेना.

अखाजीला गाडी परत निंबाखाली होती. गल्लीत झोके बांधलेले, पोरी गाणी म्हणत होत्या. दीपक सुरतेहून आला होता, ढाब्याच्या माणसाला थांबवून ठेवून. बाप म्हणाला, "बस. पारोळ्यापर्यंत जाऊन येऊ." दीपक पुढं बसला, एक हात दाराला, एक हात हँडब्रेककडं, डोळे बापाच्या खांद्यावर. मागं कुंदाबाई आणि मी. गियर पडत होते, खाली, गुपचूप, दह्यात चमचा फिरावा तसे. खिडकीतून गरम वारा. कपाशी नव्हती, नुसती नांगरलेली काळी रानं, त्यांच्यावर ऊन पाण्यासारखं हलत होतं.

एरंडोल मागं पडलं. मी बघते तर दीपकचा हात दारावरून गळलेला, मान बाजूला, तोंड उघडं. गाढ झोपला होता.

नवलभाऊनं गियर बदलला. आरशातून कुंदाबाईकडं बघितलं. तिनं खुणेनंच सांगितलं, हळू घ्या.

परत आल्यावर दीपकनं ढाब्याच्या माणसाला चहा पाजला आणि वाटेला लावलं.

त्यानंतर ती गाडी चांगली दोन-तीन वर्षं चालली. कुणाला दवाखान्यात न्या, कुणाला स्टेशनवर सोडा. मागल्या पौषात एका सकाळी नवलभाऊ उठलाच नाही. आजार नाही, कण्हणं नाही.

आदल्या दिवशी शनिवार होता. कुंदाबाईचे शिवलेले ब्लाउज घेऊन तो जामनेरच्या दुकानात गेला. दर शनिवारी जायचा. ते दिले, नव्या कापडांचं गाठोडं घेतलं, बाजारातून हिरव्या मिरच्या आणि मेथी घेतली. उन्हं उतरता परत आला. गाडी निंबाखाली रस्त्याकडं तोंड करून लावली, चाकाला दगड दिला, काचा वर केल्या. गाठोडं कुंदाबाईला दिलं, म्हणाला, निळ्या कापडाची घाई आहे, बुधवारी पाहिजे. अर्ध्या मिरच्या माझ्या ओट्यावर ठेवल्या आणि हातपाय धुवायला गेला.