शेणवाले भाऊ

"व्हिडिओत साप दिसलाच पायजे, असं कोन म्हनलं?"

हे भाऊंचं ठरलेलं उत्तर. बल्लारपुरात माझं मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे. भाऊ कोळसा खाणीत फिटर, आणि सुट्टीच्या वेळात साप पकडणारे. त्यांचे व्हिडिओ मी काढायचो. भाऊ येत, पाइपचं तोंड सापासमोर धरत, साप आत शिरला की पाइपाला बांधलेल्या पिशवीला गाठ मारत. संपलं. मग कॅमेऱ्याकडे तोंड करून भाषण: "साप चावला तं बांधाचं नाई, कापाचं नाई, हलवाचं नाई. सीधा सरकारी दवाखाना." खाली प्रतिक्रिया यायच्या, "भाऊ, साप कुठी हाय?" पाहणारे पाच-पन्नास. त्यात मी, भाऊंची लेक आणि त्यांचे व्याही.

तेव्हा एक पोरगा नागाच्या फण्याची पप्पी घेऊन भलताच गाजत होता. मी कौतुकाने भाऊंना दाखवायला गेलो, तर त्यांनी मानच फिरवली.

"बंद कर. तू पाह्यते, मनून तो उद्या अजून जवळ जाते."

आणि मग ती धामण निघाली. गावाबाहेरच्या एका गोठ्यात. भाऊ पाइप घेऊन पुढे सरकले, पाय घसरला आणि शेणखताच्या खड्ड्यात पालथे! धामण त्यांच्या पाठीवरून निवांत निघून गेली. म्हशीने वळून पाहिलं. भाऊ उठले, डोळ्यांवरचं शेण पुसलं, आणि तशाच तोंडाने भाषण सुरू: "बांधाचं नाई, कापाचं नाई..."

मला हसू आवरत नव्हतं. मी म्हणालो, "भाऊ, पडलात तेवढंच टाकतो. भाषण काटतो."

"काऊन? भाषन ठेव. हासनारा मानूस ऐकते."

कदाचित तुम्हीही तो व्हिडिओ पाहिला असेल. आठवडाभरात तो लाखो लोकांनी पाहिला. खाणीत भाऊंना पाहिलं की लोक नाक धरायचे. वहिनी चिडल्या, "पाहुण्यात तोंड दाखवाले जागा नाई ठेवली तुमी." भाऊ म्हणाले, "आता तं सारेच वळखतेत हे तोंड!"

मी मात्र मनातून खट्टू होतो. इतके चांगले व्हिडिओ पडून राहिले आणि गाजलं काय, तर शेण.

त्यानंतर व्हिडिओखाली दिलेल्या माझ्या नंबरवर सिरोंच्याकडून एका मुलीचा फोन आला. मिरचीच्या वावरात तिच्या आईला साप चावला होता. कुणी दोरी आणली, कुणी ब्लेड काढलं, मांत्रिकाला बोलवायला एकजण पळालाही होता. ही आईसमोर आडवी आली आणि ओरडली, "शेणवाल्या मामानं सांगितलंय, बांधायचं नाही!"

मंडळी थबकली. मामाला सगळेच ओळखत होते. सगळेच त्याच्यावर हसले होते. दोरीवाला म्हणाला, "हो, कापायचं पण नाही." दुसरा म्हणाला, "हलवायचं नाही." भाषण त्यांना पाठ होतं! बाईला खाटेवर निजवलं, खाट उचलून जीपमध्ये ठेवली आणि सरळ दवाखाना गाठला. बाई वाचल्या.

मी धावत जाऊन भाऊंना सांगितलं.  ते म्हणाले, "मंजे, ऐकलं ना लोकाईनं."

आता भाऊ निवृत्त होऊन लेकीकडे नागपूरला राहतात. बल्लारपुरात साप निघाला की लोक अजून माझ्या दुकानाशी येऊन "भाऊ कुठी हाय?" विचारतात. मला मात्र आठवतो, त्या मायलेकी आल्या तो दिवस. गोदावरीचे मासे घेऊन त्या भाऊंना भेटायला माझ्या दुकानी आल्या होत्या. बाई त्यांच्या पाया पडायला वाकल्या, तसे भाऊ झटकन मागे सरले.

"पाया नका पडू, बाई. चालून दाखवा."

बाई लाजल्या. मग पदर खोचून दुकानाच्या पायऱ्या उतरल्या आणि भर रस्त्यातून चालू लागल्या. शेजारचे टेलर, चहावाला, सगळे बाहेर आले. मी घाईने फोन काढला. भाऊंनी माझा हात खाली केला.

"राहू दे. हे आपन पाहू."

बाई कोपऱ्यापर्यंत गेल्या, वळल्या आणि हसत, ताठ चालत परत येऊ लागल्या. रस्ताभर टाळ्या पडत होत्या, आणि त्यात सगळ्यांत मोठ्या भाऊंच्या.